काठाला आठ पॉइंट चार

माणूस खोटं बोलतो, वस्तू बोलत नाही. या एका वाक्यावर बद्रीनाथ शिरवळकरांनी भोसरीच्या कारखान्यात, इन्स्पेक्शन डिपार्टमेंटला, तेहतीस वर्षं काढली होती. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा निरोपाच्या भाषणातही त्यांनी हेच वाक्य म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषणानंतर बटाटेवडे होते, हेही एक कारण असू शकेल. तर ही श्रद्धा एका मंगळवारी, बुधवार पेठेत, बत्तीस इंची टीव्ही घेताना गेली. गेली आहे हे मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी, बिबवेवाडीतल्या आपल्या घरी कळलं.

टीव्ही आईसाठी होता. गोदाबाई सासवडच्या घरी पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि शनिवारी त्यांना दवाखान्यातून घरी सोडणार होते. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत कुणाकडे मुक्कामाला न राहिलेली ही बाई पुण्याला यायला तयार झाली, पण दोन अटींवर. पहिली अट: "मला धरून बाथरूमला न्यायचं नाही. माझी मी जाईन." दुसरी अट: "टीव्ही चालू पाहिजे." सासवडला त्या स्वयंपाकघरात निवडत-टिपत बसत आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही सकाळी सातपासून चालू असे. इतका की लाइट गेले तर शेजारी विचारायला येत, "काकू, बऱ्या आहात ना?"

पहिल्या अटीची व्यवस्था सोमवारीच झाली होती. बेडरूमला लागून जे बाथरूम आहे त्याचं दार आत उघडायचं. फिजिओथेरपीच्या बाई घर बघायला आल्या आणि म्हणाल्या, दार बाहेर उघडलं पाहिजे, म्हणजे आजी आत पडल्या तरी आपल्याला आत जाता येईल. दत्तोबा सुतारानं दार फिरवून दिलं. आता ते बाहेर उघडून बेडरूमच्या भिंतीला समांतर उभं राहायचं. पूर्ण उघडलं की सव्वीस इंच वाट मिळायची. आईंचा वॉकर बावीस इंच रुंद. सगळं मापात.

अडचण एवढीच की बेडरूमला चार भिंती. एकीला खिडकी, दुसरीला लोखंडी कपाट, तिसरीला पलंगाचं डोकं. उरली चौथी, पलंगासमोरची, आणि दार उघडून टेकायचं ते हिच्यावरच. बद्रीनाथांनी दार उघडून, डोळा भिंतीला लावून माप घेतलं. दार आणि भिंत यांच्यात पन्नास मिलिमीटर. म्हणजे दार बंद असताना आई टीव्ही बघणार, आणि दार उघडलं की ते टीव्हीवरून अलगद जाऊन उभं राहणार. टीव्ही टांगायला भिंतीवर लावायची पट्टी पंचवीस मिलिमीटरची. तेव्हा टीव्ही पंचवीस मिलिमीटरपेक्षा बारीक हवा, इतकं सोपं गणित होतं.

"त्यापेक्षा हॉलमधला टीव्ही आहे ना," पूर्णिमा, म्हणजे सौ. शिरवळकर, म्हणाल्या.

बद्रीनाथांना ते पटलं नाही. हॉलमधला टीव्ही चौदा वर्षांचा, चारी बाजूंनी सारखाच जाड आणि पलंगावरून न दिसणारा होता. शिवाय शनिवारी आई येणार आणि मुलानं तिच्यासाठी काहीच नवीन केलेलं नाही, हे दिसायलाही बरं नव्हतं.

दुकानात जाताना बद्रीनाथांनी खिशात व्हर्निअर कॅलिपर नेला. तो ते सगळीकडेच नेत. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी पोळीची जाडी मोजली होती. एकदाच. त्यानंतर स्वयंपाकघर सोडून बाकी सर्व जगाला त्यांनी हा कॅलिपर लावलेला आहे.

दुकानातल्या पियुष नावाच्या विक्रेत्यानं त्यांना दोन टीव्ही दाखवले. पहिला चौकोनी काठाचा, सगळीकडून सपाट, बघताच पाटासारखा वाटणारा. बद्रीनाथांनी काठाला कॅलिपर लावला. तेवीस मिलिमीटर. बसत होता, पण कसंबसं, दोन मिलिमीटर राखून. दुसरा टीव्ही बाजूनं बघितला तर वहीच्या पुठ्ठ्यासारखा. काठ निमुळते, कोपरे गोल, जणू कुणी कागदच ताणून धरलाय.

"साइडनं बघा सर, साइडनं," पियुष म्हणत होता. बद्रीनाथांनी साइडनं बघितलं, साइडलाच कॅलिपर लावला आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार मापं घेतली. चारही ठिकाणी आठ पॉइंट चार. तेहतीस वर्षांत असा एकसारखा माल त्यांच्या हाताखालून फार थोडा गेला होता. त्यांनी पहिल्या टीव्हीकडे पाहून, जुन्या सवयीनं, "नापास" असं म्हटलं.

इथे एका तांत्रिक बाबीची नोंद करायला हवी. व्हर्निअर कॅलिपरचे जबडे चार सेंटिमीटर लांब असतात. त्यामुळे कुठल्याही वस्तूच्या काठापासून आत चार सेंटिमीटरपर्यंतचं सत्य त्याला कळतं. त्यापुढचं कळत नाही. कारखान्यात बद्रीनाथांच्या हाताखालून बोल्ट आणि वॉशर जात. त्यांना त्यापुढे काही नसतंच.

बुधवारी कंपनीचा माणूस टीव्ही बसवायला आला. त्यानं तो पलंगावर पालथा घातला आणि बद्रीनाथांना पहिल्यांदा त्याची पाठ दिसली. काठापासून अर्धी वीत सगळं गुळगुळीत, आणि मग खालच्या अर्ध्या भागात एक भलं मोठं पोट. त्यातच वायरी, स्पीकर, पट्टीची भोकं, सगळा संसार. लग्नाच्या फोटोत पाहुणे मागे ट्रंक लपवतात, तसा तो लपवलेला होता.

"हे काय?" बद्रीनाथांनी विचारलं.

"काय म्हणजे? मागची बाजू," माणूस म्हणाला आणि स्क्रू पिळू लागला.

टीव्ही भिंतीवर चढला. समोरून बघितला तर सुरेख. बाजूनं बघितला तरी काठ तसाच बारीक, आठ पॉइंट चारचा. फक्त तो काठ आता भिंतीपासून चार बोटं पुढे, हवेत उभा होता. बद्रीनाथांनी बाथरूमचं दार उघडलं. ते निम्म्याहून थोडं जास्त उघडलं, टीव्हीच्या त्या सुंदर काठाला टेकलं आणि थांबलं. वाट उरली तेरा इंच. तेरा इंचांतून वॉकर जात नाही. बद्रीनाथ अंग तिरकं करून आत गेले आणि तिथून त्यांनी विचारलं, की सगळ्यांचे असेच असतात का?

"हल्ली बहुतेक असेच, काका. लोक बाजूनंच बघतात," असं म्हणून माणसानं सही घेतली आणि तो गेला.

संध्याकाळी उत्कर्षा हिंजवडीहून ऑफिसमधून आली. तिनं वडिलांची समजूत काढली. "बाबा, ही बेसिक डिझाइन ट्रिक आहे. एज पातळ केली की डोळ्याला आख्खी वस्तूच स्लिम वाटते. माझा लॅपटॉप बघा, पुढून सुरी, मागून वीट. जाडी कुठे जात नाही, फक्त जिथे तुम्ही बघत नाही तिथे सरकवतात."

"नवशिक्या सुनेच्या पुरणपोळीसारखं," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "कडा पातळ, आणि पुरणाचा गोळा मध्ये."

इतक्या थोडक्यात ही गोष्ट सांगता येते याचंच बद्रीनाथांना जास्त लागलं. त्यांनी टीव्ही उतरवायला लावून जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवला आणि पोटाचं माप घ्यायला बसले. कॅलिपर पोहोचत नव्हताच. मग त्यांनी पोटावर पोळपाट ठेवला, तो डळमळू नये म्हणून खाली डाळींचे डबे लावले, पाणसळीनं पोळपाट समपातळीत आणला आणि टेबलापासून पोळपाटापर्यंतचं अंतर तीनदा मोजून सरासरी काढली. या कामाला एक तास चाळीस मिनिटं लागली. जेवण पलंगावर झालं. पोटाची जाडी भरली चौऱ्याहत्तर मिलिमीटर. हे माप त्यांनी डायरीत लिहिलं आणि खाली सही केली. मग दुकानात फोन केला. पियुष म्हणाला, एकदा बसवलेला टीव्ही परत घेत नाही. बरं, तो दुसरा, तेवीसवाला?

"तो जाडवाला होय सर? तो कालच गेला."

नापास केलेला माल पास होता आणि पास केलेला नापास. असं कारखान्यात झालं असतं तर चौकशी समिती बसली असती. घरात ती आधीपासून बसलेलीच होती.

गुरुवारी सकाळी शेजारचे हिंदुराव आले. ही सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी हिंदुरावांच्या वडिलांची. बदल्यात मिळालेल्या चार फ्लॅटांपैकी शिरवळकरांच्या लगतच्या फ्लॅटमध्ये ते स्वतः राहतात आणि उरलेल्या इमारतीला सल्ला देतात. त्यांनी टेबलावरचा पालथा टीव्ही बघितला, दार दोनदा उघडून-मिटून बघितलं आणि निकाल दिला.

"टीव्ही फुडं येतोय, तर भिंत मागं सारा. कोरा की दोन इंच. काय हाय त्यात?"

बद्रीनाथांना हा सल्ला शास्त्रशुद्ध वाटला. पन्नासचे शंभर झाले की चौऱ्याहत्तर आणि पंचवीस, नव्व्याण्णव. तरीही एक मिलिमीटर शिल्लक. भिंत कोरायची तर सोसायटीची परवानगी लागते, म्हणून ते सेक्रेटरी साईनाथांकडे गेले. साईनाथ हे अत्यंत सज्जन गृहस्थ असून त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा नमुना अर्ज आहे. त्यांनी सांगितलं, अर्ज दोन प्रतींत, सोबत आकृती, आणि भिंतीपलीकडच्या सभासदाचं ना हरकत पत्र. बद्रीनाथांनी आकृती अशी काढली की साईनाथ तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शिरवळकर, आपण मिसाइल बसवताय की टीव्ही?" पण शिक्का मारला.

पलीकडचे सभासद म्हणजे हिंदुरावच. त्यांनी पत्र न वाचता झोकदार सही केली आणि वर म्हणाले, "शेजाऱ्यानं शेजाऱ्याला नाय म्हणायचं म्हंजे काय?"

दुपारी गवंडी आला. त्यानं भिंतीवर चौकोन आखला आणि छिन्नीवर तीन घाव घातले. चौथा घालायच्या आत दारात सरुबाई उभ्या. हिंदुरावांच्या सौभाग्यवती. त्यांच्या एका हातात पितळेचा बाळकृष्ण होता आणि दुसऱ्या हातात निरांजन.

"आमचा देव खाली आला," त्या शांतपणे म्हणाल्या. "पैल्या ठोक्याला हालला, दुसऱ्याला फिरला, तिसऱ्याला पडला. चौथ्याला काय करू, धरून बसू?"

चौकशीत निष्पन्न झालं ते असं. साडेचार इंची भिंतीच्या पलीकडे, बरोबर टीव्हीच्या पाठीशी, सरुबाईंचं देवघर होतं. मागोमाग आलेल्या हिंदुरावांनी आधी आपल्या बायकोकडे, मग भिंतीकडे पाहिलं.

"आँ? ही आपली भिंत व्हय?"

सरुबाईंनी ना हरकत पत्र परत मागितलं. बद्रीनाथांनी ते निमूट दिलं. साईनाथांनी मात्र कळवलं की ना हरकत मागे घ्यायची तरी अर्ज दोन प्रतींत लागतो. तो हिंदुरावांनी सरुबाईंच्या देखरेखीखाली लिहिला. भिंतीत तीन खळगे राहिले, प्रत्येकी सहा मिलिमीटर खोल. संध्याकाळी बद्रीनाथांनी त्यांच्यावरच टीव्ही पुन्हा टांगून घेतला, म्हणजे ते दिसू नयेत.

शुक्रवारपर्यंत प्रकरण इमारतभर झालं होतं. बाजार करून येताना लोक पिशव्या हातात घेऊन वर यायचे, दार टीव्हीवर आपटून बघायचे आणि काहीतरी सुचवायचे. टीव्ही वर सरकवा, पण वर माळा होता. टीव्ही छताला टांगा. आईंना आडवं करून न्या. एका गृहस्थांनी वॉकर अरुंद करून मिळतो का विचारलं. बद्रीनाथ प्रत्येकाला डायरीतली मापं दाखवत आणि प्रत्येक जण निघताना टीव्हीकडे बाजूनं बघून म्हणे, "पण बारीक आहे हो फार."

पूर्णिमाबाईंनी या काळात एकच प्रश्न विचारला. "अहो, टीव्ही काढला तर?"

टीव्ही काढला तर सगळं सुटत होतं. हे बद्रीनाथांना बुधवारीच दिसलं होतं. पण टीव्ही काढणं म्हणजे आपण स्वतः, स्वतःच्या कॅलिपरनं, चार ठिकाणी मोजून चुकलो, हे सोसायटीच्या चाळीस बिऱ्हाडांपुढे मान्य करणं. म्हणून त्यांनी दत्तोबाला बोलावलं आणि बाथरूमचं दारच काढून ठेवायला सांगितलं.

दत्तोबानं सोमवारी फिरवलेलं दार शुक्रवारी उतरवलं. जाता जाता म्हणाला, "साहेब, परत लावायचं झालं तर बिजागऱ्या इथंच ठेवतो. लागतील." चौकटीला पूर्णिमाबाईंनी फुलाफुलांचा पडदा लावला. दार हॉलमध्ये दिवाणामागे उभं राहिलं. सव्वीस इंच वाट मोकळी झाली. तत्त्वतः.

शनिवारी अकराला गोदाबाई आल्या. लिफ्टमधून वॉकर टेकत, कुणालाही हात लावू न देता, पुढे त्या आणि मागे आख्खं कुटुंब मिरवणुकीसारखं. बेडरूममध्ये येऊन पलंगावर बसल्या. नवीन टीव्हीकडे त्यांनी बघितलं की नाही कळलं नाही, कारण त्यांची नजर पडद्यावर होती.

"दार कुठंय?"

"काढलंय, आई. म्हणजे तुला वॉकर घेऊन नीट जाता येईल. मी मोजलंय सगळं."

"मग लाव."

"अगं, दार लावलं तर उघडत नाही. टीव्ही येतो मध्ये. पडदा चांगला जाड आहे..."

"पडदा नाटकाला असतो, बद्री."

एवढं बोलून गोदाबाई तशाच बसून राहिल्या. वॉकरवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत. चहा आणला, घेतला नाही. पाणी आणलं, तेही नको म्हणाल्या. पूर्णिमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बाई पाणी का घेत नाही, हे त्यांना लगेच कळलं होतं. बद्रीनाथांना कळायला दहा मिनिटं लागली. बारा दिवस दवाखान्यात नर्सच्या हातात राहिलेली आपली आई, घरी आल्यावर एकच गोष्ट मागते आहे, आणि ती दिवाणामागे उभी आहे.

ते उठले. टीव्हीचे दोन स्क्रू सोडवले, तो उचलून टेबलावर ठेवला. सहा मिनिटं. मग उत्कर्षानं दार धरलं आणि त्यांनी बिजागऱ्या पिळल्या. वीस मिनिटं. भिंतीवर पट्टी राहिली आणि तीन खळगे. दार उघडून बघितलं. ते पूर्ण उघडलं आणि पट्टीच्या पुढे, भिंतीला समांतर, शहाण्यासारखं उभं राहिलं.

गोदाबाई उठल्या. टक, टक, टक करत वॉकर चौकटीतून गेला, दोन्हीकडे दोन-दोन इंच राखून. दार बंद झालं. आतून कडी लागली. बाहेर तिघंही दाराशी उभी.

"तिथं उभे राहू नका," आतून आवाज आला.

तिघंही हॉलमध्ये गेली.

थोड्या वेळानं गोदाबाई बाहेर आल्या, पलंगावर बसल्या आणि एकदम दोन पेले पाणी प्यायल्या. मग पूर्णिमाबाईंकडे मेथी मागितली. जुडी सोडून खिडकीकडे तोंड करून, म्हणजे त्या चौथ्या भिंतीकडे पाठ करून, निवडायला लागल्या.

"तो बाहेरचा टीव्ही चालतो ना? लाव की. आवाज जरा वाढव."

"पण आई, तो इथून दिसत नाही."

"बघायचाय कुणाला? सासवडला तरी कुठं बघत होते. घरात कुणी बोलत असलं म्हणजे बरं वाटतं."

बद्रीनाथांनी हॉलमधला चौदा वर्षांचा टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. कुठल्याशा मालिकेतल्या सासूबाई कुणावर तरी रागावलेल्या होत्या. बेडरूममधून गोदाबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं."

नंतर बद्रीनाथांनी नवीन टीव्ही पुसला आणि खोक्यात भरायला घेतला. आधी थर्माकोल, मग टीव्ही, पोट खाली आणि काठ वर. झाकण चिकटवताना खोक्याच्या बाजूला छापलेला छोटा तक्ता त्यांना दिसला. लांबी, उंची, आणि तिसऱ्या ओळीत जाडी: ७४ मिमी. त्यांनी डायरी काढून ताडून पाहिलं. कंपनीचं माप बरोबर होतं.